गफूरचाचांची ट्रायल

दुरुस्त केलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी गफूरचाचा ती उडवून बघत. उदगीरला किल्ल्याच्या वाटेवर त्यांचं पतंगांचं दुकान होतं, तेव्हा यात वावगं काही नव्हतं. पण मी पतंग नेलाच नव्हता! नेलं होतं ते आप्पांनी, माझ्या वडिलांनी, हातानं काढलेलं चित्रकथेचं मूळ पान.

आप्पा मुलांच्या एका मासिकात 'कंडक्टर कोंडिबा' काढायचे. निलंग्याची एसटी बंद पडली की हा कोंडिबा तिकिटांची पेटी गळ्यात अडकवून उडायचा आणि पुढच्या थांब्यावर आधीच तिकिटं फाडून यायचा. बाकीची पानं वाळवीनं खाल्ली. आप्पा गेल्यावर ट्रंकेत हे एकच सापडलं, तेही कोंडिबाच्या पोटात उंदरानं भोक पाडलेलं. त्यांच्या हातचं एवढंच उरलं होतं. लातूरचा फ्रेमवाला म्हणाला, "झेरॉक्स काढा." असा संताप आला म्हणता!

कागद सांधावा तर गफूरचाचांनीच, असं ऐकून मी उदगीर गाठलं. चाचांनी पान उजेडात धरलं. "हाव, होतंय. पोटाचंच तर दुखणं हाय." गव्हाच्या खळीनं त्यांनी मागून पतंगाचा कागद लावला. भोक छान बुजलं, पण कोंडिबाच्या सदऱ्याचं बटण गेलं ते गेलंच. "काढा की तेवढं," मी म्हटलं.

"न्हाई बेटी. सांधणं माझं काम. काढणं तुमच्या वडलांचं."

मी हात जोडले. तोवर त्यांनी पानामागे पतंगाच्या बांबूच्या कामट्या बांधायला घेतल्या.

"चाचा, हे काय?"

"ट्रायल. सांधलेलं जोर सोसतंय का, बघितल्याबिगर देत न्हाई मी."

"अहो, बापाचं पान आहे माझ्या!"

"मंग कच्चं देऊ काय? कशाला घाबरून राहिलात?"

मी अनवाणी त्यांच्यामागे गच्चीवर पळाले. कोंडिबा केव्हाच हवेत! शेजारपाजारचे टाळ्या पिटतायत आणि मी पदर पसरून खाली उभी. चर्र! उजवा कोपरा फाटला.

चाचा हरखलेच. "बघा, माझा जोड शाबूत! फाटला तो वडलांचा कागद. आणा, सांधतो. उद्या परत ट्रायल."

"काही नको!" मी पान हिसकावलं आणि थेट लातूरची गाडी धरली. घरी पान काचेत बंद केलं. चार वर्षं उदगीरहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर चाचांचा निरोप यायचा, "बाईला म्हणावं, कोपरा राहिलाय." मी गेले नाही.

चाचा वारले. महिन्याभरानं त्यांचा मुलगा पाकीट घेऊन आला. आत पतंगाच्या कागदाचा कापलेला तुकडा. "अब्बा म्हणले, त्या काय येत न्हाईत. खळ तेवढी घरची लावा म्हणावं."

काच काढली, खळ शिजवली. चाचांनी एकदाच बघितलेल्या कोपऱ्यावर तो तुकडा कसा नेमका बसला! म्हाताऱ्याला चार वर्षं ताटकळत ठेवलं होतं, निदान ट्रायल चुकवायची नव्हती. कामट्या बांधून मी गच्चीवर गेले. दोरा सोडला.

डावा कोपरा फाटला. चाचांचा जोड शाबूत होता. हा कोपरा आता कोणाकडे न्यायचा, हे मनात आलं आणि मी तिथंच बसून ढसाढसा रडले.