मिस्त्रीचं धोतर

कराडच्या मोटार-स्टँडवरचा मिस्त्री बोलण्याआधी पान्ह्यानं दोनदा बॉनेट वाजवायचा. दुसरी मोठी लढाई संपून मोटारी कोळशाच्या गॅसवरून पुन्हा पेट्रोलवर आल्या, तेव्हा कोकणातल्या समुद्रात पोहण्याची शर्यत त्यानंच हेरली आणि आम्हा चौघांची सहलही त्यानंच आखली.

"शनवारी दुपारची मोटार, मुक्काम धर्मशाळेत. ऐतवारी पयला नंबर माझा!"

कृष्णेच्या पुरात उडी टाकून पैलतीर गाठणारा गडी. आम्हाला शंका नव्हती.

समुद्रावर त्यानं धोतर-सदरा काढला, कराडला कृष्णेच्या संगमावर ठेवायचा तसा पाण्यालगत ठेवला आणि वर वाळूत अंगाला तेल चोळत आमच्याशी गप्पा मारत बसला. वळून पाहतो तर कपडे नाहीत. तिथं गुडघाभर पाणी.

"आरं, पाऊस न्हाई, पूर न्हाई, पाणी चढलं कसं?" मिस्त्री ओरडला.

"भरती आली. रोजच येते," शेजारचा कोळी म्हणाला.

शिट्टी झाली. सगळे पाण्यात उतरले. हा लंगोटावर तसाच उभा.

"मिस्त्री, उतरा की!"

"न्हाई. कृष्णा सांगून चढती. ह्येचा काय भरवसा?"

परतल्यावर दुसऱ्या सकाळी तो संगमावर आला. कृष्णा खाली संथ वाहत होती. त्यानं धोतर सोडलं, घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं आणि त्यावर दगड ठेवला.