दसऱ्याचं पाणी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या पगारापासून पोटदुखीपर्यंत सगळं ठाऊक असतं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. कंटाळा आलाय हे घेऊन फिरायचा, एवढंच.

मी परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. दिवसभर लोकांना एकच मंत्र देतो – आधी वाचा, मग दाबा. स्क्रीनवर काय लिहिलंय ते न वाचता बटण दाबणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल करतो. अजूनही करतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत माझ्या समोरच्या खोलीत परब काकू राहतात. त्यांचे यजमान मिलमध्ये होते, पण ओळख भजनीबुवा म्हणून. डबलबारी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी – दोन बुवा समोरासमोर बसतात आणि भजनातून एकमेकांना सवाल टाकतात, रात्रभर. काकांचा आवाज चढला की समोरचा बुवा पेटीवरचा हात थांबवून ऐकत राहायचा. काका गेले, मागे राहिल्या त्यांच्या बाऱ्यांच्या कॅसेटी, बुरशी धरलेल्या.

त्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. काकूंच्या मुलाचं जुनं मशीन पडून होतं, त्यावर लिनक्स हे सिस्टीमचं सॉफ्टवेअर टाकलं – फुकट असतं, जुन्या मशिनीवरही पळतं. वर गाण्यांसाठी वेगळी दुसरी डिस्क बसवली, सुरक्षित राहावं म्हणून. चाळभर माझं कौतुक झालं आणि मीही ते पोटभर खाल्लं. काकू रोज दुपारी भांडी आवरली की काकांना लावायच्या. आवाज कॉमन गॅलरीत यायचा. आणि त्या कॅसेटी? ‘आता कशाला जपताय, मशीनमध्ये आहे ना सगळं’ – हे मीच म्हणालो. काकूंनी त्या भंगारात दिल्या.

मग तो दसरा.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा होते. काकूंनी मिक्सर, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर ओळीने मांडला. शॉक बसू नये म्हणून त्याचा प्लग काढला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, फुलाने थोडं पाणी शिंपडलं. पूजा झाल्यावर प्लग लावला तर काळा पडदा आणि पांढरी इंग्रजी अक्षरं. मला हाक आली.

खरं काय झालं होतं ते आधीच सांगून टाकतो. मशीनमध्ये बटणाएवढा एक सेल असतो. घड्याळ आणि सुरू व्हायच्या चार गोष्टी तो लक्षात ठेवतो. तो सेल कधीच मेला होता, पण प्लग कायम लावलेला असल्यामुळे कळलं नव्हतं. पूजेसाठी प्लग निघाला आणि मशीन विसरलं – दोनपैकी कुठल्या डिस्कवरून उठायचं ते. म्हणून ते गाण्यांच्या डिस्कवर उठायला बघत होतं. सेल बदलून एक सेटिंग फिरवायचं. चहा होईपर्यंतचं काम.

मी तसं केलं का? नाही. सणाचा दिवस, दारात शेजारी जमलेले, सगळे माझ्याकडे बघतायत. आपण काय ती अक्षरं वाचत बसणार? पेनड्राइव्ह लावला, म्हटलं सिस्टीमच नव्याने टाकतो. मशीनने विचारलं, ही डिस्क पुसली जाईल, नक्की का? कुठली डिस्क, तेही नीट लिहिलं होतं.

मी न वाचता ‘हो’ दाबलं.

मशीन सुरू झालं. ‘बघा काकू,’ मी म्हणालो. मग काका ऐकवावेत म्हणून दुसरी डिस्क उघडली – आणि तिथे जुनी सिस्टीम बसली होती, जशीच्या तशी, धडधाकट. कोपऱ्यातलं घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालात होतं. सेल, दोन डिस्क, मी काय पुसलं – सगळं मला त्याच क्षणी कळलं. पुसली होती ती गाण्यांची डिस्क.

गाण्यांची डिस्क गेली, एवढंच मी बोललो. कुणी घालवली, ते नाही. काकू हातात आपट्याची पानं घेऊन उभ्या होत्या, मला सोनं द्यायला. त्यांनी आधी मशीनकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे.

“मी जरा जास्तच शिंपडलंय. पाणी आत गेला काय रे?”

मी हो म्हणालो नाही, हे मी किती वर्षं स्वतःला सांगतोय. मी म्हणालो, “असू शकतं, काकू.”

आत थेंबही गेला नव्हता. शिंपडलं होतं ते फक्त स्क्रीनच्या माथ्यावर, हारावर. मला दिसत होतं.

“ह्यांचो आवाज माझ्याच हातान गेलो,” त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. मला सोनं दिलं. मी घेतलं, वाकून नमस्कारही केला.

काही होतंय का बघतो म्हणून डिस्क घरी आणली. बरेच दिवस झटलो. बाकी सगळी खरखर, पण एक तुकडा निघाला. काका खाकरतात, पेटीचा सूर येतो, कोरसला म्हणतात, “हां, धर रे.” आणि भजनातल्या गजराची अर्धी ओळ. मग तुटतं.

तो मी काकूंना दिला नाही. का? तुकडा निघाला म्हटल्यावर त्यांनी डिस्क आणखी कुणा जाणकाराकडे नेली असती, आणि त्याने सांगितलं असतं की पाण्याने हिला काहीही झालेलं नाही. झाकली मूठ. एका म्हातारीला तिच्या नवऱ्याचं खाकरणंसुद्धा मी दिलं नाही – माझं चाळीतलं नाव राहावं म्हणून. पहिली चूक हाताची होती. ही दुसरी मी विचार करून केली.

तेव्हापासून काकू दसऱ्याला पूजा करत नाहीत. सून करते. काकू लांब, दाराशी उभ्या राहतात, हात पदरात गुंडाळून. मिक्सरलाही कुंकू लावत नाहीत. कुणी विचारलं तर हसून म्हणतात, माझ्या हाताक गुण नाय. चाळीत आता ती थट्टाच होऊन बसलीय. मीही हसलोय एकदोनदा.

गेल्या दसऱ्याला ठरवून गेलो, आज सांगायचं. लॅपटॉप घेऊन गेलो. तुकडा त्यातच आहे, एक बटण दाबलं की काका बोलतात. सून कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. मी लॅपटॉप काकूंच्या पुढे धरला, म्हटलं, ह्याला तुम्हीच कुंकू लावा.

त्यांनी हात मागे घेतला.

“नको रे झिला. तुझा कायतरी जातला.”

मी लॅपटॉप मिटला आणि सुनेपुढे धरला.