वहिनीची भाजकी माती

आमच्या शहापूरकडे सुनेनं माती खाल्ली, की तिला डोहाळे लागले असंच समजत. आईनं वहिनीला चुलीची भाजकी माती खाताना पाहिलं आणि तिचं कौतुक सुरू झालं. महिने गेले, पोट काही दिसेना, तेव्हा तीच आई तिला खोटारडी म्हणू लागली. वहिनी बिचारी डोहाळ्यांबद्दल अवाक्षर बोलली नव्हती.

वहिनी मुरबाडकडची. रंग पांढराफटक; विहिरीवरून एक हंडा आणला, की दारातच बसायची. आमटीत मीठ दोनदा पडायचं. गोवऱ्या आणायला गेली, की कशाला आलो तेच विसरायची. मी तेव्हा चौथीत होते आणि मला अकलेचा भारी तोरा. मी तिला मुळाक्षरं शिकवायला घेतली. 'ख'वर यावं, तोवर 'क' गेलेला असायचा.

"वन्स, डोका जड होतो गो, ध्यानात रात नाय," ती म्हणायची. मी पाटी आपटायचे आणि शेजारणींपुढे तिची नक्कल करून हशा मिळवायचे. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

दादा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असे. एकदा घरी आला, तेव्हा त्यानं मलाच विचारलं, "खरंच येवढी मठ्ठ हाय का गो ती?"

मोठ्या भावानं मला विचारलं, याचाच मला आनंद. मी म्हणाले, "धोंडा शिकंल, ही नाय शिकायची."

आठवड्याभरात वहिनीला माहेरी पोचवलं.

पुढच्या वर्षी माझ्या नावानं पोस्टकार्ड आलं. अक्षरं वेडीवाकडी, पण वहिनीची. मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, अंगात रक्तच नाही म्हणाले. जंताचं आणि लोहाचं औषध दिलं. आता माती खावीशी वाटत नाही, सगळं ध्यानात राहतं, बहिणीकडून अक्षरं पुरी केली. शेवटी लिहिलं होतं, 'त्यांना सांगा, मला न्यायला या.'

बाहेर दादाच्या दुसऱ्या लग्नाचा मांडव घालणं चाललं होतं. आईनं विचारलं, "कुणाचा कागद गो?"

आईला वाचता येत नव्हतं.

"मैत्रिणीचा हाय," मी म्हणाले. कार्ड वाचून दाखवलं असतं, तर वहिनीला मठ्ठ ठरवणारी मी खोटी पडले असते. तेवढ्या भीतीपायी मी तिचा संसार घालवला.