टॉवेलाखालचा सौदा

म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायचा असला की आमच्या गावातले लोक आधी माझ्या वडिलांना हाक मारायचे. दात बघून वय, चाल बघून स्वभाव आणि अंगावरचा भोवरा बघून बैल घराला लाभेल की नाही, हे बाबा ठासून सांगायचे. दर वेळी खरं व्हायचंच असं नाही, पण ठासून सांगायचे. मला त्याचा भारी अभिमान. तोच गुण माझ्यात उतरलाय असं आई म्हणते, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडला मी कॉम्प्युटरचा आणि मराठी टायपिंगचा क्लास पूर्ण केला. लग्नपत्रिका छापायला, अर्ज टाइप करायला आमच्याकडचे लोक थेट कल्याण गाठायचे. घरी मशीन असतं तर ते काम मी केलं असतं. नेमका त्याच हिवाळ्यात आमच्या जोडीतला एक बैल म्हातारपणानं गेला. आता बैल नाहीतर कॉम्प्युटर, दोन्ही झेपणारं नव्हतं. मी कॉम्प्युटर म्हटलं आणि घरात शिमगा सुरू झाला.

बाबांनी चौकशी जनावराची करावी तशीच केली.

"खातो काय?"

"लाईट."

"मंग उपाशीच मरंल," आई चुलीजवळून म्हणाली. लोडशेडिंगचे दिवस होते. शिवाय बैल शेण देतो, हे शेण देणार का, हाही तिचाच सवाल. मी म्हटलं, बैल पावसाळाभर राबतो आणि बाकी वर्ष बसून खातो, हा बारा महिने कामाला येईल.

"आजारी पडला तं?" बाबांनी विचारलं.

"दुकानदार येऊन बघतो."

"आन म्हातारा झाला तं?"



खरी अडचण बाबा बोलतच नव्हते. ज्याची जोडी मोडते त्याला शेजाऱ्याचा बैल मागून नांगर धरावा लागतो, तोही शेजाऱ्याचं शेत उरकल्यावर. गावाला बैल निवडून देणारा माणूस असा दुसऱ्याच्या दारात उभा राहणार होता. मला ते कळत होतं, तरी मी हट्ट सोडला नाही.

शेवटी "नुसता बगून येऊ" म्हणत बाबा माझ्याबरोबर मुरबाडच्या दुकानात आले. मशीनभोवती फिरले, मागच्या वायरी पाहिल्या आणि मला म्हणाले, "चालवून दाव." मी बसले आणि एक लग्नपत्रिका टाइप करून छापून काढली. शाई ओली आहे का ते बाबांनी बोट लावून बघितलं. बराच वेळ कागद हातात धरून ठेवला.

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि हात दुकानदारापुढे केला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. दुकानदार पडला शहराकडचा पोरगा. त्यानं टॉवेलाखाली हात घातला, बाबांचा अख्खा पंजा धरला आणि जोरजोरात हलवला. "अभिनंदन, काका!"

मला हसू आवरेना. बाबा मात्र गंभीर. बाजारात असा हातात हात दिला की सौदा पक्का, मग मागे फिरणाऱ्याला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

"बांदून दे," बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी सांगितलं, "बाबा, तो नुसता हात मिळवत होता."

"ठाव हाय. येडा हाय का मी?" ते म्हणाले. "तुला चालवताना बगितली, तवाच ठरवला व्हता."

त्या पावसाळ्यात बाबांनी शेजाऱ्याचा बैल मागितला. आमची लावणी सगळ्यांच्या मागून झाली. मी घरात लोकांचे अर्ज टाइप करत होते आणि लाईट गेली की "बसला गो तुजा बैल" हे आईचं ऐकून घेत होते.

पुढच्या जत्रेला मी बाबांबरोबर म्हशाला गेले. बैलांच्या रांगेत ओळखीच्या एका म्हाताऱ्यानं चारचौघांत विचारलं, "काय रे, एकाच बैलावर हाय म्हनं तू? गेल्या साली घेतला नाय का?"

माझी मान खाली गेली.

"घेतला ना," बाबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "घरात बांदलाय. ही माजी पोर हाकते त्याला. आमच्या गावात दुसऱ्या कोनाला जमत नाय."