बाबांचं विमान आणि आमचा धम्मा

माझा धाकटा भाऊ धम्मदीप पुण्यात वारज्याच्या दोन खोल्यांत विमानं ठेवतो, असं सांगितलं की लोक हसतात. हसा, हसा! कॉम्प्युटरवरची असली तरी एकेकाला तो इतकं जपतो, मला मेलीला कुणी तेवढं जपलं नाही.

आमचे बाबा, तात्याराव, हवाई दलात मेकॅनिक होते. आयुष्यभर विमानं दुरुस्त केली त्यांनी, उडवली मात्र दुसऱ्यांनी. म्हणून धम्मानं बाबांना विचारून विचारून त्यांच्या हाताखालचं ते जुनं विमान सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात, उभं केलं. पंच्याहत्तरीच्या दिवशी बाबा ते उडवणार होते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि नजर राहीलच, असं डॉक्टर म्हणत नव्हते. म्हणजे जे काय उडायचं ते आजच.

आणि नेमकं त्याच सकाळी आमच्या ह्यांनी, समाधानरावांनी, दिवे लावले. सासऱ्यांना सरप्राइज म्हणून नेटवरून आणखी एक फुकटचं विमान घेतलं आणि थेट सिम्युलेटरच्या मुख्य फोल्डरमध्ये ओतलं. कॉम्प्युटरनं विचारलं, जुन्या फायलींवर नव्या टाकू? हे म्हणाले, टाक! झालं, बाबांच्या विमानात उंची-वेग दाखवणाऱ्या तबकड्या काळ्याठिक्कर. मग घाबरून ह्यांनी नवं विमान पुसलं, तर सगळ्या विमानांना लागणाऱ्या तबकड्याही त्याच्याबरोबर गेल्या. मी ह्यांना काय काय बोलले ते विचारूच नका.

धम्मा मात्र शांत. "दाजी, पाहुण्याला कुणी आपल्या कपाटात राहायला देतं का? त्याला वेगळी खोली द्यायची. म्हणजे जाताना तो आपलं सामान नेत नाही."

त्याची पद्धतच ती. नवं विमान वेगळ्या फोल्डरात, एका वेळी एकच, आणि त्याआधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर. ती प्रत त्यानं परत आणली. आधी सिम्युलेटरचं मूळचं साधं विमान फिरवून पाहिलं, मग बाबांचं उघडलं. केक टेबलावर तसाच, आणि आम्ही सगळे त्याच्या पाठीमागे उभे. तबकड्या उजळल्या तशी मी ओरडलेच, "अगं बाई, आल्या!" ऊर असा भरून आला म्हणून सांगू!

बाबा खुर्चीत बसले. धम्मा शेजारी ताठ उभा राहिला. "विमान तयार आहे, सर."

नोकरीभर बाबांनी हे दुसऱ्यांना म्हटलं होतं. त्यांना हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. बाबा डोळे पुसून पुढे वळले.

लोहगावच्या धावपट्टीवर उतरताना विमान दोनदा दणकून आपटलं. आपटू दे! माझ्या बापानं उतरवलं. आम्ही टाळ्या पिटल्या, केक कापायला हाका मारल्या, पण बाबा खुर्चीवरून उठेचनात.

"धम्मा," ते म्हणाले, "पुन्हा तयार कर."