अठरा जणांचं एकच उत्तर

चहा ओठांना लावायच्या आधीच हसून घ्या, नाहीतर ठसका लागेल. आज मी माझ्या शहाणपणाची फजिती स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी दहा वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि माझं डोकंच चार पर्यायांचं झालं होतं. बायकोनं भाजी कोणती करू विचारलं, तरी मी म्हणायचो, "पर्याय दे."

मग नांदेडच्या एका मॅडमनी मला संशोधनात घेतलं. मनाच्या आजारातून माणसं कशी सावरतात, हा विषय. मॅडमची अट एकच: जे त्यातून गेलेत, त्यांना बरोबरीनं घेऊन काम करायचं. म्हणून माझ्या जोडीला आल्या औशाच्या रझियाआपा. भूकंपात घर गेलं, धाकटी बहीण गेली, आणि पुढे कित्येक वर्षं आपा छताखाली झोपल्या नाहीत. उपचार घेतले, शिलाई मशीन पुन्हा सुरू केलं. तेव्हा दर शुक्रवारी त्यांच्या दुकानात तसंच सोसलेले अठरा जण जमायचे. मॅडमनी नेमलेले मनाचे डॉक्टरही यायचे.

मी प्रश्नावली केली. वीस प्रश्न, प्रत्येकाला अ, ब, क, ड. ड म्हणजे सगळ्यात छान.

आपांनी ती वाचली. "सर, काय इचारायचं ते आदी लोकांनाच इचारू की."

"आपा, तेवढा वेळ कुठंय?" मी म्हणालो.

इथं सवय नडली. परीक्षेआधी सराव पेपर द्यायची आमच्या क्लासची रीत. मी कागद आठवडाभर आधी वाटले आणि वर बजावलं, "नीट वाचून या. पैकीच्या पैकी आले पाहिजेत." सांगा, कोणता शहाणा माणूस आजारातून उठलेल्यांना असं म्हणेल?

पुढच्या शुक्रवारी कागद गोळा केले. अठराच्या अठरा जणांचं सगळीकडे ड. झोप उत्तम, भूक उत्तम, भीती अजिबात नाही. मला तर गहिवरून आलं. आपांना न दाखवताच मी गठ्ठा नांदेडला पाठवला.

मॅडमचा फोन आला. "सगळे बरे असतील तर औशाची बैठक बंद करू. डॉक्टरांना दुसऱ्या गावी पाठवता येईल."

मी मिळेल ती एसटी धरून औसा गाठलं. मॅडमचं म्हणणं ऐकून आपांनी कात्री खाली ठेवली.

"मला न दाखवता दिलं व्हय सर? लोकांनी पाठ केलंय ते. सगळ्यांची लेकरं क्लासला हायेत. पोरं नापास झाली की मास्तरची नोकरी जाते, ठावं हाय त्यांना. तुमची जाऊ न्हाई म्हणून केलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांचं दुःख मी मोजायला निघालो होतो, ते माझीच काळजी करून बसले होते.

आपा रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं, प्रत्येकाच्या हातात काजं-बटणाचं काम दिलं आणि एकच प्रश्न विचारला, "रस्त्यानं ट्रक गेला, जमीन हादरली, की काय करता?"

कोपऱ्यातली सरूबाई म्हणाली, "पयलं आंगणात पळत हुते. आता दारापातुर जाते, चौकट धरून उबी ऱ्हाते. ट्रक गेला की माघारी येते."

माझ्या वीस प्रश्नांत ते दार कुठंच नव्हतं. अंगणातून दारापर्यंत यायला त्या बाईला किती वर्षं लागली असतील, आणि आपांनी ते बटण लावता लावता काढून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांना गुरू मानतो. संध्याकाळपर्यंत अठरा जणांचं बोलणं लिहून झालं. मॅडमनी फोनवर सगळं ऐकलं आणि बैठकही राहिली, डॉक्टरही राहिले. अहवालावर आपांचं नाव माझ्या आधी लागलं, ते योग्यच झालं.

त्या संध्याकाळी मॅडमचा फोन ठेवला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आपांनी चहा पुढे केला.

"सर, डोळे लाल दिसायलेत तुमचे. झोप लागते का?"

"एकदम छान," मी पटकन म्हणालो.

आपांनी सुईत दोरा ओवता ओवता सरूबाईकडे पाहिलं.

"धर गं सरू, एकोणीस झाले. सरांचं बी ड."