रांगेतली पितळी कळशी

आधीच सांगते, मला या गोष्टींचं अजिबात वेड नाही. देवाला हात जोडते, सणाला नैवेद्य दाखवते, तेवढ्यावर माझं भागतं. भूत, हडळ, चकवा... असल्यांना घाबरायचं म्हणजे माणसाच्या अंगात थोडी ताकद शिल्लक लागते हो. माझ्या नसते. दिवस संपला की पाठ टेकते आणि मेल्यासारखी झोपते. उशाशी भूत येऊन उभं राहिलं तरी त्याला सकाळपर्यंत थांबावं लागेल.

पण या ग्रुपवर तुम्हा लोकांचे अनुभव वाचत असते. आमच्याकडे रेंज खळ्याच्या टोकालाच येते, तिथे उभं राहून वाचते. वाटलं, आपलंही एकदा लिहून टाकावं. घरात हे बोलता येत नाही.

माझं माहेर शहापूरकडचं, सापगाव. दिलं मुरबाड तालुक्यात. माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे सोडलं की आत एक कच्चा रस्ता जातो. तो संपला की चढण, चढण संपली की आमचं गाव. नाव लिहीत नाही, उगाच कोणी मोबाईल घेऊन शूटिंग करायला यायचं. मागे डोंगराची भिंत, पुढे भाताची खाचरं, वरच्या उतारावर नागली आणि वरी. पावसाळ्यात धबधबे बघायला पोरं येतात, म्हणतात, "काकी, तुम्ही किती लकी, स्वर्गात राहता." मी म्हणते, हो बाळांनो, एप्रिलमध्ये या.

भात झोडून झालं की शेतात फारसं काम राहत नाही. बाप्ये कोणी वीटभट्टीवर, कोणी मुरबाडला कंपनीत. आमचे हे कंपनीत, शिफ्टप्रमाणे येणार-जाणार. दिवसभर गावात बाया, म्हातारी माणसं आणि कोंबड्या. आणि होळी झाली की विहीर तळाला गेलेली. माझा भाऊ भातसानगरला धरणावर कामाला आहे, मुंबईला पाणी सोडतात तिथे. मी त्याला फोनवर म्हणायचे, अरे एक पाइप बहिणीकडे वळव ना. तो हसायचा. आता मी म्हणत नाही, आणि तोही हसत नाही.

विहीर आटली की आम्ही ओहोळात डवरा खणतो. डवरा म्हणजे कोरड्या पात्रातला खड्डा. त्यात पाणी झिरपून साठतं, ते वाटीने काढून हंडा भरायचा. वाटी बुडवायची, हंड्यात ओतायची, मग परत साठायची वाट बघत बसायचं. टँकर खालच्या रस्त्यावर येतो कधीतरी, पण त्याचा भरवसा नाही.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. रांग बायांची नसते, भांड्यांची असते. सकाळी आपला हंडा रांगेत ठेवायचा आणि आपापल्या कामाला जायचं. आपली पाळी आली आणि पुढच्या हंड्याची मालकीण हजर नसली, तर तिचा हंडा आपण आधी भरायचा, बाजूच्या कातळावर ठेवायचा, मगच आपल्या हंड्यात वाटी ओतायची. कोणाचं भांडं ओलांडायचं नाही. भांडणं झालेल्या, वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या जावा-जावासुद्धा एकमेकींचे हंडे भरून ठेवतात. तोंड फिरवून भरतात, पण भरतात.

तर त्या उन्हाळ्यात माझी निकिता पहिल्या बाळंतपणाला आली होती. सासर टिटवाळ्याचं, फ्लॅट, नळाला पाणी. तिच्या सासूबाई म्हणजे आमच्या विहीणबाई स्वभावाने वाईट नाहीत, पण स्पष्ट बोलणाऱ्या. "दवाखाना मुरबाडला आहे ते ठीक. पण आधीचे दिवस, मग नंतरचा सव्वा महिना... पाण्याशिवाय बाळंतीण-बाळाचं कसं करणार तुम्ही? मी एकदा येऊन बघते. सोय नसली तर घेऊन जाईन हं, राग मानू नका." राग कसला मानायचा, खरंच होतं ते. मीच निकिताला म्हटलं, जा गो बाई, तिकडे सुखात राहशील. ती रडायलाच लागली. लहानपणापासून ती रडली की आवाज येत नाही, नुसती हनुवटी थरथरते.

"मला तुझ्याजवळ राहायचंय," म्हणाली. "लग्नाआधी तरी तू कधी होतीस माझ्याजवळ? सदा शेतात, नाय तर पाण्यावर. आता तरी राहू दे."

हे बोलणं मला फार लागलं. हंडा उचलला आणि पाण्यावर गेले.

त्याच सुमाराला ती कळशी दिसायला लागली. माझ्या हंड्याच्या बरोब्बर पुढे एक पितळी कळशी, काठाला चेपलेली. आता पितळ कोण वापरतं? सगळ्यांकडे स्टीलचे नाही तर प्लास्टिकचे हंडे, वजनाला हलके. पाळी आली, मालकीण नाही. भरली, कातळावर ठेवली. मग माझा हंडा भरला, घरी नेऊन ओतला, दुसऱ्या खेपेसाठी परत आले तर कळशी नव्हती. नेली असेल कोणी, मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मग माझं डोकं फिरलं. एक तर माझी मान धरलेली, डोक्यावर एकाच्या वर भांडं पेलत नाही. त्यात रणरणतं ऊन, आणि ही कोण महाराणी आहे जी रोज माझ्याकडून फुकट भरून घेते आणि तोंडही दाखवत नाही?

माझ्या शेजारची बारकी डवऱ्यावर होती. मी तिला विचारलं, "कोनाची गो ही कळशी?"

बारकी म्हणाली, "तुझीच ना?"

मला वाटलं चेष्टा करतेय. तिचा स्वभावच तसा. बाकीच्यांना विचारलं तर एक म्हणे माझी नाय, दुसरी म्हणे माझी नाय. मी तिथेच मोठ्याने बोलून घेतलं, "जिची असेल तिने उद्यापासून स्वतः येऊन भरायची. मी काय मोलाने ठेवलेली बाई नाय." सगळ्या माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिल्या. मला वाटलं, मी जास्त बोलले म्हणून.

दुसऱ्या दिवशी कळशी होतीच. त्या दिवशी ठरवून गेले होते, आज ओलांडायची. वाटी भरली, माझ्या हंड्यावर नेली... आणि ओतवेना. कोणी हात धरला वगैरे नाही हो. एवढी वर्षं जे केलं नाही ते एकदम होत नाही, एवढंच. शिव्या देत देत तिची कळशी भरली. चांगल्या निवडक शिव्या होत्या.

आता इकडे घरी काय चाललं होतं तर पिंप रिकामं होत नव्हतं. मी संध्याकाळी झाकण काढायचे तर वरपर्यंत पाणी. निकिताला ओरडायचे, "आंघोळ नाय केलीस आज पण? एवढी काटकसर करू नको, पोटातल्याला बाधेल." ती म्हणायची, "केली की गो. केस पण धुतले." मी ओल्या केसांकडे बघायचे आणि चुलीकडे वळायचे. ह्यांनी कुठून कॅन आणून ओतला असेल, नाही तर बारकी तिच्यातलं ओतून जात असेल, असं धरून चालले. दमलेल्या माणसाला एवढं खोलात जाता येत नाही. पिंप भरलेलं आहे ना, मग झालं.

मग एका रविवारी विहीणबाई आल्या, जावयाला घेऊन. रिक्षा खाली थांबवून चढण चढून आल्या, घामाघूम. मी मनातून संपलेच होते. निकिताने तर कपडेही घड्या घालून ठेवले होते. तिलाही कळत होतं. विहीणबाई पाणी प्यायल्या, उठल्या, सरळ मोरीत गेल्या. पिंपाचं झाकण उघडलं. रांजण बघितला. परसातली बादली बघितली. सगळं काठोकाठ.

"अहो, एवढं पाणी?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पण दोन दिवस नळ गेला होता. मग राहू दे हिला. मी उगाच काळजी करत होते."

निकिताने माझ्याकडे बघितलं आणि हसली. जेवून, तांदळाचं पीठ आणि कैऱ्या घेऊन ती दोघं परत गेली. मी दारात उभी. आनंद तर झालाच. पण सकाळी रांजण मी निम्मा पाहिला होता.

बारकीकडे गेले. म्हटलं, "तुझे उपकार कसे फेडू गो? माझ्या पोरीसाठी एवढं पाणी ओततेस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी? माझंच भरताना माझा जीव जातो. तूच तर नेतेस."

"मी फक्त माझा हंडा नेते."

"हंडा नेऊन ठेवतेस, परत येतेस, कातळावरची पितळी कळशी उचलतेस, परत जातेस. रोज बघतो आमी. काल हाक मारली तुला, वळलीस पण नाय. मी म्हटलं, रागात असेल. आणि त्यात तू आमाला विचारतेस, कळशी कोनाची... आमाला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं बाईचं."

मी तिला म्हटलं, तू चेष्टा करतेस. तिने तिच्या पोराची शपथ घेतली. मग मी डवऱ्यावरच्या आणखी दोघींना विचारलं, एकएकटीला. तेच सांगितलं. निळं पातळ, डोक्यावर पदर. माझं निळं पातळ आहे. पण आमच्याकडे कोणाचं नाही?

त्यानंतर मी कळशीवर डोळा ठेवून बसायचं ठरवलं. कातळाला टेकून बसले. ऊन, दमलेलं अंग... डोळा लागला. उठले तर कळशी गेलेली, आणि डवऱ्यात वाकलेली बारकी वर बघून म्हणते, "आत्ताच तर नेलीस, एवढ्यात परत आलीस?" तेव्हा मात्र अंगावर काटा आला.

घरी निकिता गाढ झोपली होती. पिंप भरलेलं. मोरीच्या दगडावर कळशीचा ओला गोल उमटला होता, माझ्यासमोर वाळत गेला.

मी कोणाला काही बोलले नाही. बोलून काय करणार होते? भगत बोलवायचा, तो म्हणणार पोरीला इथून हलवा. आणि पोरीला तर राहायचं होतं. जे कोण होतं ते पाणी आणत होतं, मागत काही नव्हतं. म्हटलं, आणू दे. शिव्या द्यायच्या तेवढ्या बंद केल्या. कळशी भरण्याआधी आतून विसळून घ्यायला लागले.

निकिताला मुरबाडच्या दवाखान्यात मुलगी झाली. नॉर्मल. आम्ही घरी परत आलो तोवर टँकर नियमित सुरू झाला होता. मी तरी डवऱ्यावर जाऊन आले. रांगेत माझ्या हंड्यापुढे स्टीलचा हंडा होता, बारकीचा. कळशी पुन्हा दिसली नाही.

आता खरं ते पुढे आहे. बारशाला विहीणबाई आल्या होत्या. मी आत खोबरं किसत होते. बाहेर निकिता त्यांना सांगत होती, "आईने काय केलं नाही म्हणून विचारा. रोज भर दुपारी दुसरी खेप ओतली की माझ्याजवळ येऊन बसायची. पाय सुजलेले ना माझे, चेपून द्यायची. मी झोपेपर्यंत उठायची नाय. एवढी वर्षं मला वाटायचं, आईला माझ्यासाठी टाइमच नाय..." दारातून मला दिसलं, विहीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

माझ्या हातातली किसणी तशीच राहिली. भर दुपारी मी ओहोळात असायचे. एक दिवसही तिच्याजवळ बसले नाही मी त्या उन्हाळ्यात. संध्याकाळी यायचे, भाकऱ्या थापायचे आणि आडवी व्हायचे.

नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी काय बोलायचे गो तेव्हा?"

"काहीच नाय," निकिता म्हणाली. "उन्हातून आलेली, पदर पण मागे घ्यायची नाहीस. एकदाच म्हणालीस, दमलीस का गो?"

खरं सांगते, तेव्हा मला भीती नाही वाटली. हेवा वाटला. माझ्या लेकीजवळ कोणीतरी बसली, माझं रूप घेऊन. आणि मला तर आजवर कोणी विचारलं नाही, दमलीस का म्हणून.

कोण होती, का आली, आमच्याच घरी का... मला काही माहीत नाही. गावातल्या जुन्या बायांना आडून विचारलं, त्या कळशीची कोणाला ओळख नाही. उन्हाने भास झाला म्हणावं तर पिंप कशाने भरलं? तुमच्यापैकी कोणाला काही कळलं तर सांगा, पण भगताचे पत्ते पाठवू नका.

परवा निकिता माहेरपणाला आली होती, पोरगी आता चालते. दुपारी आडवी झाली आणि म्हणाली, "आई, तेव्हासारखी बस ना जरा."

बसले. तिचे पाय मांडीवर घेतले आणि चेपायला लागले. थोड्या वेळाने डोळे मिटूनच ती म्हणाली, "तुझे हात किती गरम आहेत गो. तेव्हा गार असायचे."

मी म्हटलं, झोप आता. आणि ती झोपेपर्यंत उठले नाही.